स्थानिक कोण? सीमाभागातील महाविद्यालयीन फुटबॉल आणि बाहेरचा खेळाडू

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या फुटबॉल संघांविषयी बोलणे निघाले की एक तक्रार हमखास कानी येते. संघात आपली मुले थोडी आणि बाहेरची फार, अशी ती तक्रार असते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आली की एखाद्या लहानशा महाविद्यालयात गोव्याचा, कोल्हापूरचा किंवा त्याहूनही दूरचा एखादा तरबेज खेळाडू कला शाखेच्या पहिल्या वर्षात दाखल होतो, आणि शाळेपासून त्याच मैदानावर घाम गाळलेला गावातला मुलगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतो, असे तक्रारदार सांगतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही वजनदार असते. महाविद्यालयाने ढाल जिंकली, विद्यापीठाच्या संघात त्याचा खेळाडू गेला, की पुढील वर्षी प्रवेश वाढतात आणि मैदानासाठी चार पैसे मिळतात. मग चांगला खेळाडू कोठून आला हे कशास विचारावे?

हा वाद केवळ खेळापुरता असता तर त्यासाठी या पत्रिकेची पाने अडविण्याचे कारण नव्हते. परंतु ‘स्थानिक’ आणि ‘बाहेरचा’ हे दोन शब्द सीमाभागातील मराठी माणसाला जितके लागले आहेत तितके क्वचितच कोणाला लागले असतील. येथे पिढ्यान्पिढ्या वसलेल्या आपल्या घराण्यांना गेल्या सात दशकांत कधी कागदोपत्री, कधी तोंडी, बाहेरचे ठरविण्यात आले आहे. असे असता बाहेरच्या खेळाडूविरुद्ध आपण जो युक्तिवाद करू, तो उद्या आपल्याच दारी येणार आहे, हे ध्यानात ठेवूनच या प्रश्नाचा इतिहास तपासला पाहिजे.

पहिली गोष्ट ही की, या भागात फुटबॉल हा खेळच मुळी बाहेरून आला. बेळगावात इंग्रजांची मोठी लष्करी छावणी होती आणि छावणीच्या परिसरात मिशनरी शिक्षण रुजले होते. सेंट पॉल्स ही शाळा १८५६ मध्ये सुरू झाली. गोव्यात १८८३ च्या सुमारास शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी फुटबॉलची ओळख करून दिली, असे गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो. पोर्तुगीज अमलातील गोव्यातून इंग्रजी शिक्षणासाठी मुले घाट चढून बेळगावास येत. हा गोवेकर मुलगा १९६१ पर्यंत कायद्याने परकीय सत्तेचा प्रजाजन होता. आज ज्याला आपण परराज्यातला म्हणतो, तो तेव्हा परराष्ट्रातला होता. तरीही बेळगावच्या बाजारपेठेत, चर्चमध्ये आणि शाळेत त्याला कोणी परका मानल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी गोष्ट सीमेची. सीमा म्हटली की आपल्या मनात १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख येते. परंतु त्यापूर्वीही हा मुलूख एकसंध नव्हता. बेळगाव हे मुंबई इलाख्यातील जिल्ह्याचे ठाणे, तर त्याला खेटून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते. आज जो मुलगा शहापुरातून सायकलीवर पाच-दहा मिनिटांत शहरातल्या मैदानावर येतो, तो १९४८ पूर्वी एका संस्थानातून ब्रिटिश हद्दीत येत असे. निपाणी ब्रिटिश हद्दीत, आणि शेजारचे कागल कोल्हापूरच्या छत्रछायेखाली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि सात वर्षे का होईना, कागल आणि निपाणी एका राज्यात नांदली.

मग राज्य पुनर्रचना आली. बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, मात्र त्यातील चंदगड तालुका वगळण्यात आला व पुढे तो कोल्हापूर जिल्ह्याचा भाग झाला. या एका वाक्यात आपल्या विषयाचा सारा पेच सामावलेला आहे. चंदगडच्या पूर्वेकडील गावांना मोठे शहर म्हणून बेळगावच जवळचे. बाजार, दवाखाना, महाविद्यालय यांसाठी तेथील माणूस बेळगावची वाट धरतो. १९५६ च्या ऑक्टोबरात तो जिल्ह्यातलाच होता, नोव्हेंबरात परराज्यातला झाला. त्याच्या नातवाला आज बेळगावच्या महाविद्यालयात फुटबॉल खेळायचा असेल तर संघाच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘महाराष्ट्र’ असे लागते. त्या मुलाने गाव सोडले नाही, बोली सोडली नाही, बाजारही सोडला नाही.

निपाणीची गोष्ट याहून मौजेची आहे. निपाणी कर्नाटकात राहिली. परंतु निपाणीला लागून असलेले अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात येते आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी ते संलग्न आहे. निपाणीतल्या मुलाने घरून निघून तेथे नाव घातले की तो महाराष्ट्रातील महाविद्यालयाचा विद्यार्थी होतो. त्याचा शेजारी निपाणीतच बागेवाडी महाविद्यालयात गेला तर तो कर्नाटकातील विद्यापीठाचा. बेळगाव जिल्ह्यातील महाविद्यालये प्रथम मुंबई विद्यापीठाची होती. १९४९ मध्ये कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर ती धारवाडकडे गेली, आणि २०१० पासून बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. एकाच गल्लीत चेंडू लाथाडून मोठी झालेली दोन मुले अशा रीतीने दोन राज्यांच्या दोन विद्यापीठांचे रंग अंगावर घालू शकतात. यातला परराज्यातला कोण? अर्जुननगरच्या मैदानावर तो निपाणीकर आहे. वस्तुतः त्या मैदानाचा खरा शेजारी तोच.

आम्ही राज्य सरकारच्या सेवेत असताना रहिवासाचे दाखले, जन्माचे दाखले आणि शाळा सोडल्याचे दाखले यांच्या फायली पुष्कळ पाहिल्या. सरकारला ‘स्थानिक’ ठरवावाच लागतो, कारण जागा मर्यादित असतात. पण सरकारही ही व्याख्या केवळ जन्मावरून करीत नाही. कर्नाटकात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सरकारी जागांसाठी सर्वसाधारण नियम आहे तो राज्यात किमान सात वर्षे शिक्षण झाल्याचा. उलट महाराष्ट्र सरकारने वादग्रस्त ८६५ गावांतील मराठी भाषकांना काही प्रवेशांसाठी व सरकारी नोकऱ्यांसाठी पात्र मानले आहे. म्हणजे राज्याबाहेर राहणारा माणूसही भाषेच्या आणि दाव्याच्या आधारे आपला ठरू शकतो. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव म्हैसूरकडे ठेवावे असे सुचविले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, आणि २००४ मध्ये दाखल झालेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढे सारे अनिर्णित असताना लहानशा महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकाने अकरा मुलांची यादी करताना स्थानिक कोणास म्हणावे?

बाहेरचा खेळाडू आणून संघ बळकट करण्याची रीत मात्र आपल्याकडे जुनीच आहे, आणि तिचे बरेवाईट दोन्ही परिणाम आपल्या माणसांनी पाहिले आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला आश्रय दिला तेव्हा उत्तरेकडील नामांकित मल्ल कोल्हापुरात आले. १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानाची कीर्ती अशा लढतींनी देशभर पसरली. परंतु त्याच वेळी पेठापेठांतील तालमींनाही महाराजांचा आधार होता. उत्तरेच्या मल्लांशी झुंजून कोल्हापूरच्या लाल मातीतला पोरगा शिकला. म्हणूनच आश्रयदाते गेल्यावरही तेथील कुस्ती टिकली. १९७० च्या दशकात हरिश्चंद्र बिराजदार यांनी दिल्लीच्या सत्पाल यांना बेळगावात चीत केले, तेव्हा बेळगावकरांनी तो आपलाच विजय मानला. बिराजदार मूळचे लातूरकडचे, तयार झाले कोल्हापुरात. कागदाने पाहिले तर बेळगावात दोघेही परराज्यातलेच होते.

क्रिकेटचे उदाहरण अधिक बोलके आहे. होळकर आणि बडोदे या दोन मराठी संस्थानिकांनी रणजी करंडकासाठी देशभरातून खेळाडू नोकरीस ठेवले. नागपूरचे सी. के. नायडू इंदूरला गेले आणि होळकर संघाचे कर्णधार झाले. युद्धकाळात भारतात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा करून गेला. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून खेळत होते, ते बडोद्याच्या सेवेत गेले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या हजारे आणि लाहोरच्या गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली. मराठी संस्थानाच्या त्या विक्रमी भागीत बडोद्यात जन्मलेला एकही फलंदाज नव्हता!

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, पण संस्थानांच्या खुणा पुसल्या गेल्या तसा १९५५ नंतर तो संघच राहिला नाही. त्या प्रदेशाचा वारसदार मध्य प्रदेश. त्याला पहिला करंडक मिळाला तो २०२२ मध्ये, तोही मुंबईला हरवून. त्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. परंतु ते स्पर्धेपुरते आलेले पाहुणे नव्हते. खेळाडू आणि कर्णधार म्हणूनही ते पूर्वी मध्य प्रदेशात राबले होते. बडोद्याने मात्र स्वतःची मुले घडविण्याचे काम चालू ठेवले, आणि २०००-०१ मध्ये करंडक पुन्हा बडोद्यास गेला. बाहेरचा माणूस आणला म्हणून संघ बुडत नाही, तसेच त्याच्या एकट्याच्या बळावर तो तरतही नाही. त्याच्या शेजारी गावातली मुले उभी करण्याची सोय होती की नाही, यावर सारे अवलंबून राहते.

फुटबॉलमध्येही तेच. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे तेथील लीग जिंकली, ती बंगळुरापासून क्वेट्ट्यापर्यंतचे खेळाडू गोळा करून. पुढे ईस्ट बंगालचे ‘पंचपांडव’ गाजले. त्या पाचांपैकी एकही बंगाली नव्हता, तिघे तर बंगळूरचे. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावेच सांगतात की हा खेळ तेथे कुस्तीच्या वळणाने रुजला. अलीकडे या संघांतही परप्रांतीय आणि थेट आफ्रिकेतील खेळाडू उतरू लागले, आणि पेठेतल्या मुलाने खेळायचे कोठे हा प्रश्न तेथेही उभा राहिला. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्यापूर्वी तो पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत घडला. गावाने दिलेला मुलगा दुसऱ्या गावाने घडविला, हेही स्थलांतरच आहे, आणि त्याबद्दल आपण तक्रार करीत नाही.

लहान महाविद्यालयाची गोष्ट मात्र क्लबाहून आणि संस्थानाहून वेगळी आहे. क्लबाला जिंकायचे असते, महाविद्यालयाला शिकवायचे असते. तरीही लहान महाविद्यालयाला बाहेरच्या खेळाडूचा मोह अधिक होतो, याची कारणे साधी आहेत. मुले थोडी असतात. त्यांतून अकरा खेळणारे आणि पाच-सात राखीव काढताना नाकीनऊ येतात. बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या, म्हणजे एक सामना हरला की वर्ष संपले. अशा वेळी एक चांगला गोलरक्षक आणि एक गोल करणारा मिळाला तरी निकाल फिरतो. शुल्कमाफी, वसतिगृहाची खोली, भत्त्याचे आश्वासन एवढ्यावर खेळाडू मिळत असेल तर तो स्वस्तच पडतो. त्यात नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांनी क्रीडास्पर्धांत मिळविलेली पदकेही मोजली जातात. प्राचार्यांना दोष देण्यापूर्वी हा हिशेब समजून घेतला पाहिजे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. बाहेरचा खेळाडू वर्गात बसत नसेल, परीक्षेपुरता आणि सामन्यापुरता येत असेल, तर तो विद्यार्थी नव्हेच, भाड्याचा शिलेदार आहे. त्याने जिंकलेली ढाल काचेच्या कपाटात राहते. तो गेल्यावर मैदानावर काही उरत नाही. आणि ज्या गावच्या मुलाला तीन वर्षांत तीन सामनेही खेळायला मिळाले नाहीत, तो पुढे आपल्या धाकट्या भावाला मैदानावर पाठवीत नाही. शेतकऱ्याच्या, विणकराच्या, तंबाखूच्या वखारीतल्या कामगाराच्या घरातील मुलाला विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचण्याची वाट या लहान महाविद्यालयांतूनच जाते. खेळाडू म्हणून मिळणारे गुण, नोकरीतील राखीव जागा, सैन्यातील भरती या त्या वाटेवरच्या पायऱ्या आहेत. ती वाट अडली तर त्याला दुसरी नाही.

सैन्याचा उल्लेख आला म्हणून सांगावेसे वाटते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे. भारतीय हॉकीचे थोर गोलरक्षक शंकर लक्ष्मण याच रेजिमेंटचे, पण मूळचे मध्य भारतातील महूचे. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघात ते होते, आणि त्याच संघात बेळगावचे बंडू पाटीलही होते. सेनादलाच्या संघात कोणी कोणाला राज्य विचारीत नाही. ज्या पलटणीत माणूस घडला ती त्याची.

‘घडणे’ हीच कसोटी आम्हांला मोलाची वाटते, आणि ती जगाच्या दुसऱ्या टोकाला एका फुटबॉल क्लबाने शंभराहून अधिक वर्षे पाळली आहे. स्पेनमधील बिल्बाओ शहराचा अॅथलेटिक क्लब १९१२ च्या सुमारापासून केवळ बास्क खेळाडूच घेतो. बास्क लोकांचा मुलूखही आपल्यासारखाच सीमेने चिरलेला, काही स्पेनमध्ये, काही फ्रान्समध्ये. क्लबाने ती सीमा मानली नाही. १९९६ मध्ये फ्रान्सच्या बाजूचा लिझाराझू त्यांच्याकडून खेळला. बास्क मुलखात जन्मलेला किंवा तेथील क्लबांत घडलेला तो बास्क, अशी त्यांची आजची व्याख्या. त्यामुळे घाना देशातून आलेल्या आईबापांचा, पण बिल्बाओत जन्मलेला इन्याकी विल्यम्स त्यांच्या संघाचा आधारस्तंभ झाला. अशी बंधने घालूनही हा क्लब स्पॅनिश लीगच्या पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली घसरलेला नाही, आणि २०२४ मध्ये त्याने चाळीस वर्षांनी राजाचा चषक जिंकला. आपल्या माणसांवर भर देण्यासाठी शेजाऱ्याला परका ठरवावे लागत नाही, हे त्यावरून दिसते.

या साऱ्याचा बोध आम्हांला असा वाटतो. सीमाभागातील महाविद्यालयांनी ‘स्थानिक’ ही मोजणी राज्यावरून वा मातृभाषेवरून करू नये. ज्या मुलाचे शालेय शिक्षण या टापूत झाले तो स्थानिक. या टापूत बेळगाव जिल्हा येतो तसेच चंदगड, कागल आणि गडहिंग्लजही येतात. त्या मुलाच्या घरी मराठी बोलतात, कन्नड बोलतात, उर्दू की कोकणी, याची विचारपूस करू नये. हे शेवटचे वाक्य आम्ही विशेषतः आपल्याच मंडळांना उद्देशून लिहीत आहोत. आपल्या मंडळांच्या मैदानांवर कन्नड वा उर्दू बोलणारा गल्लीतला मुलगा बाहेरचा ठरत असेल, तर आपल्या मुलांना बाहेरचे ठरविणाऱ्यांपुढे आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार?

याखेरीज दुरून येणाऱ्या खेळाडूला मज्जाव नसावा, पण त्याच्यावर अट असावी. त्याने पूर्ण अभ्यासक्रम करावा, वर्गातील हजेरी इतरांसारखीच भरावी, परीक्षा द्याव्यात. एका संघात अशांची संख्या दोन-तीनांवर जाऊ नये, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीला मैदानावर गावातली आठ-नऊ मुले उभी राहतील. आणि महाविद्यालय अशा खेळाडूवर जितका खर्च करील, तितकाच खर्च आसपासच्या शाळांतील मुलांच्या सरावावर, बुटांवर, चेंडूंवर आणि प्रशिक्षकावर करावा. विद्यापीठांना असा नियम करण्यास वेळ लागेल. परंतु एखाद्या शिक्षण संस्थेच्या संचालक मंडळाने आपल्यापुरता तो ठराव करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि अशा मंडळांवर या पत्रिकेचे अनेक वाचक आजही आहेत. जून महिन्यात प्रवेश सुरू होण्यापूर्वी त्यांनी हा विषय पटलावर घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.